यादीतून गळालेला माणूस : हर्ब ब्रूक्स

हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, नाहीतर 'चक दे इंडिया'. बर्फावरची हॉकी आपल्या होस्टेलमध्ये फार कुणी पाहिली असेल असं वाटत नाही. तरीही या अंकासाठी मी ज्याच्यावर लिहितेय तो बर्फावरच्या हॉकीचाच कोच आहे. एकमेकींशी भांडणाऱ्या मुलींची टीम कबीर खानने कशी बांधली ते आपण टीव्ही रूममध्ये कितीदा तरी पाहिलंय. हर्ब ब्रूक्सने तसंच काहीसं १९८० मध्ये खरोखर करून दाखवलं होतं, तेही कॉलेजच्या पोरांना घेऊन. 'चक दे' आला त्याच्या सत्तावीस वर्षं आधी.

(मी कॉन्व्हेंटची. 'प्रशिक्षक' हा शब्द लिहिता येतो, पण बोलताना जीभ अडखळते. म्हणून लेखभर 'कोच'च म्हणणार आहे. मराठी विभागाने चालवून घ्यावं.)

हे नाव मला कळलं ते माझ्या मावसबहिणीमुळे. ती एम. एस. करायला मिनिआपोलिसला, मिनेसोटा विद्यापीठात गेली. सांगलीत वाढलेल्या ताईने बर्फ पाहिला होता तो फक्त उसाच्या रसात. आता मात्र शेजारच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाशी मॅच असली की ती आठवडाभर दुसरं काही बोलत नाही. शुक्रवारी एक आणि शनिवारी एक अशा लागोपाठ दोन रात्री मॅच असते. त्याआधी लॅबमध्ये, मेसमध्ये, बसमध्ये सगळीकडे एकच चर्चा : गोलकीपर कोण, कोचने अमक्याला बाहेर का बसवलं, मागच्या वर्षी कसे हरलो, या वर्षी कोच बदलायला हवा होता की नाही. समोरच्या गोलकीपरने गोल खाल्ला की हजारो लोक त्याच्याकडे बोट दाखवून एका सुरात ओरडतात की तू चाळण आहेस. ताईला हे फार आवडतं. मी म्हटलं, हे तर आमच्या मेकॅनिकल विरुद्ध कॉम्प्युटरसारखंच झालं. ती म्हणाली की तिथली म्हातारी माणसंही असंच भांडतात, आणि कोचचा विषय निघाला की शेवटी एकाच नावापाशी येऊन थांबतात. ते नाव म्हणजे हर्ब ब्रूक्स.

त्यानंतर मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचलं. का वाचलं त्याचं कारण पुढे येईलच.

हर्ब ब्रूक्सचा जन्म ५ ऑगस्ट १९३७ चा, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहराच्या पूर्व भागातला. हे राज्य कॅनडाच्या सीमेला लागून आहे. हिवाळ्यात तळी गोठतात आणि पोरं स्केट्स बांधून त्यावर खेळत सुटतात. आपल्याकडे गल्लीत क्रिकेट तशी तिथे हॉकी. १९५५ मध्ये त्याच्या शाळेच्या टीमने राज्य स्पर्धा जिंकली. मग तो मिनेसोटा विद्यापीठात गेला. तिथे कोच होते जॉन मारियुची. त्या काळी अमेरिकेतली बरीच विद्यापीठं कॅनडातून तयार खेळाडू आणून टीम भरायची. मारियुचींचा त्याला विरोध होता. आपल्या राज्यातल्या पोरांना जागा मिळाली नाही तर ती खेळणार कुठे, असं त्यांचं म्हणणं. हा हट्ट ब्रूक्सने त्यांच्याकडून पुरेपूर उचलला.

आता १९६०. हिवाळी ऑलिम्पिक अमेरिकेतच, कॅलिफोर्नियात स्क्वॉ व्हॅलीला होतं. ब्रूक्स बावीस वर्षांचा. राष्ट्रीय टीमबरोबर त्याने सगळी तयारी केली, सराव सामने खेळला. स्पर्धा अगदी तोंडावर आली आणि कोच जॅक रायली यांनी बाहेरून क्लिअरी नावाचे दोघे भाऊ टीममध्ये घेतले. बिल क्लिअरी हार्वर्डचा नावाजलेला खेळाडू. भावाला घेणार असाल तरच येतो, अशी त्याची अट होती. नवे आले म्हणजे जुन्यातलं कुणीतरी जाणार. शेवटी कापलं गेलेलं नाव होतं हर्ब ब्रूक्स.

तो घरी आला. त्याच टीमने सोव्हिएत युनियनला ३-२ आणि शेवटी चेकोस्लोव्हाकियाला ९-४ हरवून सुवर्णपदक जिंकलं. अमेरिकेचं हॉकीतलं ते पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण. ब्रूक्सने ते वडिलांच्या शेजारी बसून पाहिलं. मॅच संपल्यावर वडील म्हणाले की कोचने बरोबर माणसाला काढलेलं दिसतंय! बापाने मुलाला असं म्हणावं? हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. पण आमच्या घरातही लागलेल्या जखमेवर असंच मीठ चोळून विषय संपवतात, हेही खरं.

इथे माझं थोडंसं. शाळेपासून मी व्हॉलीबॉल खेळते. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी पावसाळाभर प्रॅक्टिस केली. सकाळी साडेपाचला उठून, चिखलात. बारा जणींची यादी बोर्डावर लागली त्यात माझं नाव नव्हतं. स्पर्धेच्या चार दिवस आधी एक मुलगी नव्याने आली होती आणि चांगली खेळत होती. कुणी मला काही सांगितलं नाही, नुसता कागद लागला. म्हणून ब्रूक्सच्या आयुष्यातलं १९६० हे साल मी जरा जास्त वेळा वाचलं.

तो पुढे १९६४ आणि १९६८ ची ऑलिम्पिक खेळला. दोन्ही वेळा पदक नाही. पोटापाण्यासाठी इन्शुरन्स विकत होता. डिग्री मानसशास्त्राची, तिचा उपयोग विमा विकायला किती झाला कोण जाणे, पण पुढे झाला.

१९७२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने त्याला कोच नेमलं. आदल्या मोसमात ही टीम आपल्या गटात तळाला होती. दोनच वर्षांत, १९७४ मध्ये, त्याने त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. विद्यापीठाचं हॉकीतलं ते पहिलंच. मग १९७६ आणि १९७९ मध्ये पुन्हा. आणि हे सगळं मारियुचींच्या पद्धतीने, घरच्या पोरांना घेऊन.

पण ताईच्या लॅबमधल्या लोकांना नुसत्या ट्रॉफ्यांत रस नसतो. त्यांना रस असतो बॉब जॉन्सनमध्ये. हा माणूस विस्कॉन्सिनचा कोच. मूळचा मिनिआपोलिसचा, म्हणजे आपल्याच गावचा माणूस जाऊन शत्रूच्या गडावर बसलेला. स्वभावाने ब्रूक्सच्या अगदी उलट. सदा हसतमुख, सदा बडबड, आजचा दिवस हॉकीसाठी उत्तम आहे असं रोज उठून मानणारा. ब्रूक्स घुमा, तिखट, पटकन न उलगडणारा. दोघांचं अजिबात जमत नसे. १९७३ ते १९७९ या सात वर्षांतले विजेते बघा : विस्कॉन्सिन, मिनेसोटा, मिशिगन टेक, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, बॉस्टन, मिनेसोटा. सातपैकी पाच वेळा कप या दोघांपैकी एकाकडे. एवढं झाल्यावर दोन राज्यांतल्या लोकांनी एकमेकांचं तोंड बघितलं हेच विशेष.

दुसरं वैर बॉस्टन विद्यापीठाशी. १९७६ च्या उपांत्य सामन्यात खेळ सुरू होऊन दोन मिनिटंही झाली नव्हती आणि दोन्ही टीम बाकांसकट रिंकवर उतरून मारामारी करत होत्या. बराच वेळ खेळ बंद राहिला. मिनेसोटा शेवटी ४-२ ने जिंकलं, पण बॉस्टनच्या पोरांनी ते डोक्यात ठेवलं.

तर अशी सगळी आग पेटलेली असताना १९७९ मध्ये ब्रूक्सला पुढच्या ऑलिम्पिकसाठी राष्ट्रीय टीमचा कोच केलं. तेव्हा ऑलिम्पिकला व्यावसायिक खेळाडू चालत नसत. म्हणून अमेरिकेकडे होती ती कॉलेजची पोरं. सोव्हिएत खेळाडू कागदावर सैन्यात वगैरे, प्रत्यक्षात बारा महिने हॉकी हेच काम. १९६४, १९६८, १९७२, १९७६ अशी चार ऑलिम्पिक सुवर्णं ओळीने त्यांची. आपल्या कॉलेजच्या क्रिकेट टीमला वर्ल्ड कपविजेत्या टीमपुढे उभं करा, साधारण तेवढा फरक.

त्या उन्हाळ्यात कोलोरॅडो स्प्रिंग्जला साठ-सत्तर जणांच्या ट्रायल्स झाल्या. ब्रूक्सने त्यांना तीनशेच्या आसपास प्रश्नांचा मानसशास्त्राचा पेपर दिला. हॉकीशी ज्याचा काही संबंध दिसत नाही असला. नावाजलेल्या खेळाडूंपेक्षा त्याला एकमेकांत बसणारे खेळाडू हवे होते. ऑलिम्पिकला गेलेल्या शेवटच्या वीसांत मिनेसोटा विद्यापीठाचे नऊ होते, बॉस्टनचे चार आणि विस्कॉन्सिनचे दोन. बॉस्टनच्या चौघांत गोलकीपर जिम क्रेग, कॅप्टन माइक एरुझिओनी आणि १९७६ न विसरलेला जॅक ओ'कॅलाहन. विस्कॉन्सिनच्या दोघांतला एक मार्क जॉन्सन. हो, तोच. बॉब जॉन्सनचा मुलगा.

मार्कला वाटत होतं की वडिलांच्या वैरापायी आपलं नाव कापलं जाणार. ब्रूक्सने त्याला बोलावून सांगितलं की ही टीम तुझ्याभोवती उभी राहणार आहे. यातलं दुसरं एक नावही बघण्यासारखं आहे. डेव्ह ख्रिश्चन हा बिल ख्रिश्चनचा मुलगा, आणि बिल ख्रिश्चन म्हणजे १९६० मध्ये ब्रूक्सशिवाय सुवर्ण जिंकणाऱ्या टीममधला. माणूस मनात हिशेब ठेवणारा असता तर या दोन्ही नावांवर काट मारायला त्याला कारणं होती.

मग त्याने जे केलं त्यावर भांडणं होतात. मिनेसोटाची पोरं एका कोपऱ्यात, बॉस्टनची दुसऱ्या. त्यांना एकत्र बसवून भाषण देणं, सलोखा करणं असलं काही त्याने केलं नाही. त्याने सगळ्यांचा राग स्वतःवर ओढून घेतला. सगळ्यांशी तुटकपणे वागायचा. कुणाशी दोस्ती नाही. गोड बोलायचं काम सहायक कोच क्रेग पॅट्रिककडे. टीमने कोचचा द्वेष करायचा आणि त्या नादात एकमेकांचा करायचा विसरायचं, असा हा उघड प्लॅन होता.

सप्टेंबर १९७९ मध्ये नॉर्वेत ओस्लोला त्यांची मॅच ३-३ अशी बरोबरीत सुटली. पोरं मन लावून खेळली नाहीत असं ब्रूक्सचं मत. मॅच संपल्यावर त्याने त्यांना रिंकच्या कडेला उभं केलं. निळ्या रेषेपर्यंत धाव, परत. मधल्या रेषेपर्यंत धाव, परत. मग पलीकडची, मग पार टोक, परत. एक झालं की पुन्हा. प्रेक्षक निघून गेले. रिंकवाल्याने दिवे बंद केले. अंधारात बर्फावर स्केट्स घासल्याचा आवाज चालूच. या धावण्याला पोरांनी त्याच्याच नावावरून 'हर्बी' म्हणायला सुरुवात केली. त्या रात्री मिनेसोटा आणि बॉस्टन दोघांचेही पाय सारखेच दुखले असणार.

नुसती शिक्षा होती असंही नाही. उत्तर अमेरिकेत पद्धत अशी होती की पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, समोर भिरकावायची आणि मागे धावत जाऊन धक्काबुक्कीने मिळवायची. सोव्हिएत टीम पक हातचा सोडत नसे. पाचही जण जागा बदलत फिरायचे, पास करत राहायचे. ब्रूक्सने त्यांच्या पद्धतीचा अभ्यास करून त्यात आपल्याकडची ताकद मिसळली. तसं खेळायला तिसऱ्या पिरियडमध्येही पायात दम लागतो. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात. हर्बी कशासाठी होत्या ते इथे समजतं.

साठेक सराव सामने झाले. ऑलिम्पिक जवळ आलं आणि जानेवारी १९८० मध्ये ब्रूक्सने मिनेसोटाचे नवे खेळाडू ट्रायलला बोलावले. म्हणजे १९६० मध्ये त्याच्यावर जे बेतलं होतं तेच आता तो करत होता! पोरं चिडली. बॉस्टनचे पुढे झाले, त्यांच्याबरोबर इतरही. सहा महिने जे राबले त्यांच्यातूनच निवडा, बाहेरचं कुणी नको, असं त्यांनी कोचला तोंडावर सांगितलं. ब्रूक्सने ऐकलं. नवे परत गेले. त्याने हे मुद्दाम घडवून आणलं का, यावर अजून वाद घालता येतो. माझं मत विचाराल तर नाही. गोल करणारा चांगला खेळाडू दिसला की कुठल्याही कोचचा हात शिवशिवतो.

तरीही वीसच जागा होत्या, म्हणून शेवटी कुणाला तरी काढावं लागलंच. तो होता न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचा राल्फ कॉक्स. शेवटचं नाव कापलं जाणं म्हणजे काय हे जगात ज्याला सगळ्यात चांगलं माहीत होतं, त्यानेच ते कापलं. पण कॉक्सला त्याने समोर बसवून स्वतः सांगितलं. बोर्डावर कागद लावला नाही.

९ फेब्रुवारीला न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत टीमने त्यांना १०-३ असं धुतलं. तीन दिवसांनी लेक प्लॅसिडला स्पर्धा सुरू झाली. स्वीडनविरुद्ध शेवटची सत्तावीस सेकंदं उरली असताना गोल करून बरोबरी. मग चेकोस्लोव्हाकिया ७-३, नॉर्वे ५-१, रुमानिया ७-२, पश्चिम जर्मनी ४-२.

२२ फेब्रुवारी १९८०. पुन्हा सोव्हिएत युनियन. पहिला पिरियड संपत आला होता, सोव्हिएत २-१ ने पुढे. दूरवरून मारलेला एक फटका गोलकीपर त्रेत्याकला लागून समोर उडाला. त्याचे साथीदार पिरियड संपलाच म्हणून सैल झाले होते. मार्क जॉन्सन थांबला नाही. दोघांच्या मधून घुसून त्याने पक आत टाकला तेव्हा घड्याळात एक सेकंद उरला होता. सोव्हिएत कोच तिखोनोव्हने रागाने त्रेत्याकला, जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरला, बाहेर बसवलं. तिसऱ्या पिरियडमध्ये सोव्हिएत ३-२ ने पुढे असताना पुन्हा मार्क जॉन्सननेच बरोबरी केली. बरोबर दहा मिनिटं बाकी असताना एरुझिओनीने चौथा मारला. नंतरची दहा मिनिटं सोव्हिएत टीम फटके मारत राहिली आणि क्रेग अडवत राहिला. पूर्ण मॅचमध्ये त्यांचे फटके ३९, अमेरिकेचे १६. निकाल ४-३. त्या दिवशी चाळण झाली नाही ती बॉस्टनच्या गोलकीपरची. बरोबरीचे दोन गोल विस्कॉन्सिनच्या पोराचे, विजयाचा गोल बॉस्टनच्या कॅप्टनचा, आणि कोच मिनेसोटाचा.

बर्फावर पोरांचा ढीग झाला होता तेव्हा ब्रूक्स सरळ बाक सोडून आत निघून गेला. जल्लोष त्यांचा होता, त्याने त्यात पाय ठेवला नाही. आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला पुन्हा तोच तोफखाना! कारण सुवर्ण अजून मिळालेलं नव्हतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. २४ फेब्रुवारीला फिनलंडला हरवायचं बाकी होतं, आणि दोन पिरियडनंतर अमेरिका १-२ ने मागे होती. ती मॅच त्यांनी ४-२ ने जिंकली. एरुझिओनीने सगळ्या टीमला एका माणसाच्या पोडियमवर बोलावून घेतलं आणि वीस जण त्या चौकोनावर कसेबसे मावले. ऑलिम्पिकमध्ये कोचला पदक मिळत नाही. १९६० ला नाही, १९६४ ला नाही, १९६८ ला नाही, आणि आता स्वतः टीम घडवूनही ब्रूक्सच्या गळ्यात काही नाही.

पुढचं थोडक्यात. स्वित्झर्लंड, मग न्यूयॉर्क रेंजर्स, तिथून १९८५ मध्ये काढलं. १९८६ मध्ये मारियुचींच्या सांगण्यावरून तो सेंट क्लाउड स्टेट या छोट्या कॉलेजात एक वर्ष गेला आणि त्या टीमला वरच्या श्रेणीत नेण्याची घडी बसवून आला. मोठमोठ्या क्लबांनंतर कॉलेजात परत जाणं मला त्याच्या सगळ्या नोकऱ्यांत जास्त आवडलं. बॉब जॉन्सनने १९९१ मध्ये पिट्सबर्गला व्यावसायिक हॉकीतला सर्वात मोठा स्टॅनले कप जिंकून दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅन्सरने तो गेला. मार्क जॉन्सन विस्कॉन्सिनच्या महिला टीमचा कोच झाला आणि त्याने वडिलांपेक्षा जास्त राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. मिनेसोटावाल्यांचा त्रास संपला नाही तो असा.

२००२ मध्ये ब्रूक्सला पुन्हा अमेरिकेच्या ऑलिम्पिक टीमचा कोच केलं. आता सगळे व्यावसायिक. उपांत्य फेरीत त्यांनी रशियाला ३-२ ने हरवलं, तारीख पुन्हा २२ फेब्रुवारी. फायनलला कॅनडाकडून ५-२ ने हरले.

११ ऑगस्ट २००३ ला मिनेसोटातच, फॉरेस्ट लेकजवळ हायवेवर त्याच्या गाडीला अपघात झाला. सीट बेल्ट लावलेला नव्हता. वय सहासष्ट. १९८० वरचा 'मिरॅकल' हा सिनेमा तेव्हा बनत होता, तो पुढच्या वर्षी आला. ब्रूक्सने तो पूर्ण झालेला पाहिला नाही. सेंट पॉलच्या कॅथेड्रलमध्ये अंत्यविधीला त्याची पोरं आली, मिनेसोटाची, बॉस्टनची, विस्कॉन्सिनची. त्यांच्यातल्या कित्येकांना आपल्या कोचशी धड बोलता आलं ते १९८० नंतर बऱ्याच वर्षांनी.

ताईने मागच्या मोसमात मला फोनवरून विस्कॉन्सिनविरुद्धच्या शनिवारच्या मॅचचा आवाज ऐकवला. मारियुचींच्या नावाच्या रिंकमध्ये ती उभी होती, बँड वाजत होता, आणि तिच्या मागच्या रांगेतले एक आजोबा आताच्या कोचला काय काय सुनावत होते. मी विचारलं, ब्रूक्स होता तेव्हा काय म्हणायचे हे? ताईने त्यांना विचारलं. तेव्हाही अशाच शिव्या घालत होतो, असं म्हणून ते पुन्हा मॅच बघायला लागले.